वायतुआची इंग्रजी

कालाबाहीहून वायतुआला जाणारी लाकडी मोटरबोट सोमवारी आणि गुरुवारी सुटते. मधल्या वारी कुणाला जायचं असेल तर त्यानं पोहत जावं, असं बंदरावरचे लोक म्हणतात. त्या सोमवारी मी तांदळाच्या पोत्यांवर बसून निघाले, तेव्हा माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

माझं नाव मुर्तिनिंग्सिह. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे इबू निंग म्हणतात, म्हणजे निंगबाई. कुपांगच्या एका सरकारी कार्यालयात मी सव्वीस वर्षं काढली. काम एकच. बेटाबेटांवरच्या शाळांत जायचं, इंग्रजीच्या शिक्षकाजवळ तीन दिवस बसायचं, त्याचे तास बघायचे, मुलांना चार खेळ शिकवायचे, फॉर्म भरायचा आणि बोट पकडायची. निघताना शाळा गळ्यात हातमागाची शाल घालते, पायरीवर फोटो होतो, मुख्याध्यापक "पुन्हा या" म्हणतात. मग पुढच्या महिन्यात दुसरं गाव, दुसरी शाल.

मी मूळची जावाची, तेमांगुंगकडची. कुपांगमध्ये शेजारी मला अजून 'ती जावावाली' म्हणतात, आणि गावी गेले की भावाची नातवंडं 'तिमोरची आजी आली' म्हणतात. लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण बघायला माणसं आली तेव्हा मी रोते बेटावर वादळात अडकले होते, आणि ती माणसं काही परत आली नाहीत. याचं मला फार दुःख झालं असं नाही. भेटणाऱ्या माणसांची कमी कधीच नव्हती. तीन दिवसांपुरती माणसं भरपूर भेटायची.

वायतुआच्या फायलीवर साहेबांनी एकच ओळ लिहिली होती : 'शिक्षकाचे उच्चार तपासावेत.' अशा ओळी मी शंभर पाहिल्या होत्या.

धक्क्यावर काळी छत्री उघडून एक किडकिडीत माणूस उभा होता. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. हेच ओबेद माउकारी. वय त्रेपन्न. मी उतरल्या उतरल्या ते माझ्याकडे बघून भराभर काहीतरी बोलले. बोटीचं इंजिन अजून धडधडत होतं. मी हसून मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, माणूस मनमिळाऊ दिसतो.

माझी सोय त्यांच्याच घरी होती. त्यांची बायको राहेल. अख्खं गाव तिला राहेलआई म्हणतं. तिनं माझ्यापुढे दगडानं चेपलेल्या मक्याचे पोहे, भाजलेला मासा आणि पपईच्या पाल्याची भाजी ठेवली आणि स्वतः पान चघळत समोर बसली.

"खा इबू. हे तुमची वाट बघून बघून म्हातारे झाले. पत्रं लिहायचे तुमच्या हापिसाला. किती हो? अकरा?"

"अकरा," ओबेद म्हणाले. "की कुणीतरी या, आमचा तास बघा."

"पोचली नसतील," मी म्हणाले. तसली पत्रं कुठल्या कपाटात पडून असतात ते मला माहीत होतं.

"चोवीस वर्षं हा माणूस बकऱ्यांशी इंग्रजी बोलतोय," राहेलआई म्हणाली. "बकऱ्या हुशार झाल्या. मला काही आलं नाही."

ओबेद मुळात इतिहासाचे मास्तर. चोवीस वर्षांपूर्वी शाळेचे इंग्रजीचे मास्तर सुट्टीला म्हणून जावाला गेले ते परतलेच नाहीत. मुख्याध्यापकांनी त्यांचं पुस्तक उचलून ओबेदच्या हातात दिलं आणि सांगितलं, नवा माणूस येईपर्यंत तुम्ही बघा. नवा माणूस आलाच नाही. ओबेदनी एक जुना शब्दकोश मिळवला. पहिली तीस पानं उंदरांनी खाल्लेली, बाकी ठणठणीत. तो त्यांनी पाठ केला. अक्षरशः पाठ केला. दरवर्षी एक अक्षर.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं होतं. व्याकरणात एक चूक नाही. एवढा स्वच्छ फळा मी कुपांगच्या मोठ्या शाळांतही पाहिला नव्हता. मग ओबेदनी वाचायला सुरुवात केली आणि मुलांनी त्यांच्यामागून म्हणायला.

"वे लिवे ओन आन इस्लान्द."

"वे लिवे ओन आन इस्लान्द," तीस मुलं एका सुरात म्हणाली.

आपली भाषा जशी लिहितो तशीच बोलतो. ओबेदनी इंग्रजीही तशीच वाचली होती, एकही अक्षर वाया न घालवता. सुरीला 'क्निफे', लोकांना 'पेओप्ले', आणि 'कारण'साठी 'बेचाउसे'. गावात एका घरी टीव्हीची डिश होती, तिच्यावर इंग्रजी माणसं बोलताना त्यांनी ऐकली होती. पण त्यांचा समज असा की ती बाजारातली बोली. आपण नाही का, घरी एक बोलतो आणि पुस्तकात दुसरं असतं.

पाच मिनिटांत माझ्या फॉर्मवरचे सगळे रकाने मनातल्या मनात भरून झाले होते. पण तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा उठून काहीतरी म्हणाला. शेजारच्या बाकावरची मुलगी त्याला काहीतरी फटकन बोलली, आणि अख्खा वर्ग खो खो हसला. ओबेदही हसले, डोळे पुसून हसले. मुलं त्या इंग्रजीत विनोद करत होती. भांडत होती. एकमेकांना नावं ठेवत होती. सव्वीस वर्षांत मी मुलांना इंग्रजीत धडा म्हणताना ऐकलं होतं, गाणं म्हणताना ऐकलं होतं. इंग्रजीत हसताना कधीच ऐकलं नव्हतं. आणि त्या वर्गात तो विनोद न कळलेली मी एकटी होते.

तास संपल्यावर मी टाकीवर हात धुवायला गेले. विनोदाला उत्तर देणारी तीच मुलगी तिथे घागर भरत होती. योसिना तिचं नाव. पंधराची असेल. काटक, कपाळावर जखमेचा जुना व्रण.

"इबू गुरूंना मी आठवत नाही," ती मला म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"आपण भेटलो होतो का?"

"एप्रिलमध्ये. कालाबाहीला. भाषणस्पर्धा. तुम्ही परीक्षकांच्या मधल्या खुर्चीत होतात."

मी मधल्या खुर्चीत होते हे खरं. त्या दिवशी अकरा मुलं बोलली होती.

"माझं भाषण सुरू झालं आणि एका सरांनी विचारलं, ही कुठली भाषा? सगळा हॉल हसला. मग तुम्ही घंटा वाजवलीत." ती घागरीत पडणाऱ्या धारेकडे बघत होती. "अजून चार मिनिटं बाकी होती माझी."

मला घंटा आठवली. हॉलमध्ये उकाडा होता, जेवणाला उशीर होत होता, ते आठवलं. हिचा चेहरा काही केल्या आठवेना.

"पाक गुरूंना, ओबेद मास्तरांना, काय सांगितलंस?"

"चौथा नंबर आला म्हणून. गावात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक आहे, माझ्या काकानं सांगितलं. पण त्यांना कुणी बोललं नाही. तुम्ही पण बोलू नका." घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. "त्यांनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानले होते, इबू. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मी म्हणाले, बघते. आमच्या धंद्यात 'बघते' हा शब्द फार उपयोगी पडतो.

दुपारी ऊन उतरल्यावर ओबेदनी पडवीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मधे कॉफी. शर्ट बदललेला. त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत बोलायला लागले. माझ्या लक्षात आलं, या माणसानं चोवीस वर्षं याच गोष्टीची वाट पाहिली आहे. पुस्तकातून नाही, मुलांशी नाही, एका मोठ्या माणसाशी बरोबरीनं बोलायची. ते अडखळत नव्हते. नदी वाहावी तसे बोलत होते, हातवारे करत, मधेच स्वतःशी हसत, आमच्या बेटांच्या हेलात. मला पाचात एक शब्द लागत होता. तो पकडून मी पुढचा शोधेपर्यंत ते वळण घेऊन कुठच्या कुठे गेलेले असायचे.

मी मान हलवत राहिले. हे मला चांगलं जमतं. समोरचा थांबला की हसायचं, "हो, फार छान" म्हणायचं. शिक्षकांना धीर येतो.

ते थांबले. मी हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "हो, फार छान."

ओबेद माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं, सावकाश. मी पुन्हा तेच म्हणाले.

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि आपल्या भाषेत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "इबू, मी विचारलं, घरी तुमची वाट कोण बघतं. तुम्ही म्हणालात, हो, फार छान."

मी माझा पेला खाली ठेवला.

"दुसऱ्यांदा विचारलं, तुम्हाला माझं बोलणं कळतंय का. तरी तुम्ही म्हणालात, हो, फार छान."

राहेलआई चुलीपाशी होती. तिनं हातातलं लाकूड तसंच धरून ठेवलं.

"म्हणजे चुकतंय ते मुलांचं नाही," ओबेद म्हणाले. "माझंच." ते उठले, दोन खुर्च्यांपैकी आपली उचलून आत नेली आणि भिंतीला लावून ठेवली. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले नाहीत.

बुधवारी ते शाळेत आले नाहीत. डोंगरावर शेत आहे त्यांचं, पहाटेच तिकडे गेले म्हणे. तिन्ही वर्ग मी घेतले. शब्दांचे खेळ, चित्रांच्या चिठ्ठ्या, टाळ्यांची गाणी, जे काही सगळीकडे करते ते केलं. मुलं नीट वागली, सांगितलं तेवढं केलं. एकही हसलं नाही. मधल्या सुट्टीत ती पटांगणात घोळका करून उभी राहिली आणि मी जवळ गेले की गप्प झाली.

"शेतावर काय करतायत?" मी घरी येऊन राहेलआईला विचारलं.

"काय करणार? दगडावर केनारीचे बदाम फोडत असेल. राग आला की केनारी फोडतो. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी पोतं भरून फोडली होती."

"माझ्यावर रागावलेत?"

"तुम्ही दोन दिवसांच्या पाहुण्या. तुमच्यावर कोण रागावणार?" ती सहज म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला.

गुरुवारी सकाळी बोटीचा भोंगा झाला. माझी पिशवी भरलेली होती. पुढच्या गावच्या शाळेला निरोप गेलेला होता. मी धक्क्यापर्यंत गेले. खलाशानं पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि मी त्याला म्हणाले, "तू जा. मी राहते."

"आता थेट सोमवारी हं, इबू."

"माहीत आहे."

"काही विसरलात का?"

"नाही रे. जा तू."

डोंगराच्या वाटेवर सिरुंग ज्वालामुखीचा गंधकाचा वास येत होता. तासभर चढून गेले तेव्हा ओबेद एका सपाट दगडापुढे उकिडवे बसले होते. बाजूला टरफलांचा ढीग. त्यांनी मान वर केली नाही.

"बोट चुकली का तुमची?"

"चुकली नाही. सोडली."

"कशाला?"

"सांगायचं राहिलं होतं. कालाबाहीला योसिनाचं भाषण मधेच थांबवलं गेलं. लोक हसले. घंटा मी वाजवली."

दगड दोनदा आपटला. केनारीचा गर आख्खा निघाला. त्यांनी तो टोपलीत टाकला.

"तुम्ही हसलात?"

"नाही."

"हसला असतात तर बरं. हसणारा निदान ऐकत तरी असतो." त्यांनी पुढची केनारी घेतली. "म्हणजे चौथा नंबर नव्हे."

"नाही."

"आणि गावाला ठाऊक असणार. मी चर्चमध्ये उभा राहिलो तेव्हा सगळे आमेन म्हणाले. राहेल जरा जास्तच जोरात म्हणाली. मला वाटलं, आज हिला भक्तीचा उमाळा आलाय."

हसावं की नाही ते मला कळेना. मी दुसऱ्या दगडावर बसले आणि त्यांच्यासारखी केनारी फोडायला घेतली. माझी सगळी चुरा होत होती.

"शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे दोन तिरक्या रेघांत काहीतरी चिन्हं असतात," ते म्हणाले.

"तो उच्चार असतो."

"ते मला आत्ता समजलं. चिन्हांचा खुलासा पहिल्या तीस पानांत असणार. उंदरांनी नेमकं तेच खाल्लं." त्यांनी दगड खाली ठेवला. "म्हणा. इस्लान्द."

"आयलंड."

"यातला स कुठे गेला?"

"उच्चारत नाहीत."

"मग लिहितात कशाला?"

"माहीत नाही."

"सव्वीस वर्षं शिकवताय, आणि माहीत नाही?"

"नाही."

ते पहिल्यांदा थोडं हसले. मग शर्टाच्या खिशातून घडी केलेली वही काढली. म्हणजे ती बरोबर आणलेलीच होती. त्यांनी एकेक शब्द विचारला, मी एकेक सांगितला, त्यांनी आपल्या अक्षरांत त्याच्यापुढे लिहून घेतला. क्निफेची नाइफ झाली. पेओप्लेचं पीपल झालं. प्रत्येक नव्या उच्चाराला ते जरा थांबायचे, जुना एकदा तोंडातल्या तोंडात म्हणायचे, मग खोडायचे. दीडशेच्या आसपास शब्द झाल्यावर त्यांनी वही मिटली.

"आज पुरे. एका दिवसात किती जणांना पुरायचं?"

शुक्रवारी ते वर्गात आले. मी मागच्या बाकावर बसायला गेले तर म्हणाले, "तिथे मी बसतो. तुम्ही पुढे." पण आधी ते फळ्यासमोर उभे राहिले.

"चोवीस वर्षं मी या गावाला अक्षरं बरोबर शिकवली आणि आवाज चुकीचे," ते मुलांना म्हणाले. "अक्षरं तशीच ठेवा. आवाज आता नवे घ्यायचे. मीही घेतोय. योसिना, उभी राहा."

ती उभी राहिली.

"तुझा चौथा नंबर आला होता म्हणे. किती जण होते?"

"अकरा, पाक गुरू."

"आणि तुझ्या मागे किती?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

"बस खाली. यापुढे मला खरं सांगायचं. मी तुझा मास्तर आहे, हॉस्पिटलातला पेशंट नाही."

शनिवार-रविवार दोन्ही दिवस आम्ही पडवीत बसलो. मी त्यांचं सगळं पुस्तक टेपवर वाचून ठेवलं. चर्चमधून परतणारी माणसं फाटकापाशी उभी राहून ऐकायची. त्यातले निम्मे ओबेदचे जुने विद्यार्थी. एक कोळी म्हणाला, "पाक गुरू, म्हणजे मी इतकी वर्षं बायकोला बेआउतिफुल म्हणतोय ते?" ओबेद म्हणाले, "तिला चालत असेल तर चालू दे." माणसं हसली. ओबेदच्या चेहऱ्याकडे मात्र कुणी पाहत नव्हतं. मी पाहत होते. एखादा शब्द पाचव्यांदा चुकला की ते टेप बंद करून समुद्राकडे बघत बसायचे. त्रेपन्नाव्या वर्षी जीभ वळत नाही. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही कळत होतं.

सोमवारी मी गेले. फॉर्मवर 'सुधारणा समाधानकारक' असं लिहिलं.

मे महिन्यात निवृत्त झाले. कार्यालयात भाषणं झाली, केक कापला. त्यानंतर एकदा फोन आला, कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारायला. भाऊ म्हणाला, गावी ये. मी दोन आठवडे जाऊन आले. तिथे सगळे प्रेमानं वागले. सकाळी चहा देऊन जो तो आपल्या कामाला लागायचा आणि मी अंगणात कोंबड्या बघत बसायचे. परत कुपांगला आले. इथे निदान कोंबड्या शेजाऱ्यांच्या होत्या. काही दिवस तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, भाजीवाल्याशी, "अर्धी जुडी पुरे." घरी वाट कोण बघतं, हा प्रश्न ओबेदनी मला विचारला तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता तो कुणी विचारतही नव्हतं.

जुलैमध्ये योसिना आली. कुपांगच्या एका शाळेत तिला प्रवेश मिळाला होता, काकांकडे राहणार होती. राहेलआईनं दिलेली केनारीची पिशवी तिनं टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"पाक गुरू कसे आहेत?"

"बरे आहेत. आता बरोबर बोलतात."

"बरोबर?"

"बरंच बरोबर. या वर्षी स्पर्धेला आमच्या शाळेची मुलगी गेली होती. नंबर नाही आला. पण शेवटपर्यंत बोलू दिलं तिला."

"हे चांगलं झालं."

"हो." ती पिशवीच्या गाठीशी चाळा करत होती. खरं सांगायची सवय आता तिला लागली होती, ते मी विसरले होते. "पण कमी बोलतात, इबू. पूर्वी रस्त्यानं कुणी दिसलं की सुरू व्हायचे. बकरी दिसली तरी. आता फक्त तासाला. प्रत्येक शब्दाआधी थांबतात. वर बघतात. पक्का येत असेल तोच शब्द घेतात."

"आणि मुलं?"

"मुलं पण तशीच. वर्गात आता विनोद होत नाहीत. विनोद सांगताना उच्चार बघायला लागलं की संपलंच ना."

ती गेल्यावर मी दोन्ही पेले धुतले आणि पुसून ठेवले. मग ते परत काढून परत धुतले. मी काही चुकीचं केलं नव्हतं. खरं तेच सांगितलं होतं, बरोबर तेच शिकवलं होतं. त्या गावात एक भाषा होती, दोनेकशे माणसांची असेल, हसायची, भांडायची भाषा. ती बंद पडायला माझा एक आठवडा पुरला होता. उरली ती जगाची इंग्रजी, आणि तिच्यात बोलायला त्यांच्यापाशी कुणी नव्हतं. टेपवर माझा आवाज होता खरा. पण टेप उत्तर देत नाही.

पुढच्या आठवड्यात मी कालाबाहीचं जहाज धरलं. कुणाला कळवलं नव्हतं, कळवायचं तरी काय? वायतुआच्या धक्क्यावर उतरले तेव्हा तिथे दोन कुत्री आणि जाळं सुकवणारी एक बाई होती. मी पिशवी उचलून चालत गेले.

राहेलआई अंगणात होती. तिनं मला आपादमस्तक पाहिलं. "आता कसला फॉर्म?"

"फॉर्म नाही. निवृत्त झाले मी."

"मग कशाला आलात?"

"बोलायला."

तिनं पानाची पिंक टाकली आणि पडवीकडे बोट दाखवलं. ओबेद समुद्रशेवाळ वाढवायचे दोर सोडवत बसले होते. तब्येतीनं जरा वाळले होते. त्यांनी उठून हात जोडले, जागा करून दिली, प्रवास कसा झाला ते विचारलं, सगळं आपल्या भाषेत. मी म्हणाले, "इंग्रजीत सांगा ना काहीतरी."

"नको. चुकतं."

"चुकू दे."

"तुम्हाला कळायचं नाही."

"नाही कळलं तर तसं सांगेन. या वेळी हो-फार-छान म्हणणार नाही."

त्यांनी बराच वेळ एक गाठ सोडवली. राहेलआईनं कॉफी आणून ठेवली आणि आत न जाता उंबऱ्यावरच बसली. मग त्यांनी सुरुवात केली. या वर्षी शेवाळ पांढरं पडलं, रोग आला, असं काहीतरी सांगत होते. मी थांबवलं, "कळलं नाही." त्यांनी परत सांगितलं. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी ते चिडले आणि एक वाक्य भरभर, जुन्या आवाजात, सगळी अक्षरं घेऊन फेकलं. आणि ते मला कळलं. कसं कोण जाणे, पण कळलं. म्हटलं, "म्हणजे दोर जास्त वर बांधले होते." ते म्हणाले, "तेच तर मघापासून सांगतोय." मग नवे आवाज, जुने आवाज सगळे मिसळून ते बोलत राहिले. त्यांचा मोठा भाऊ समुद्रात गेला ती गोष्ट सांगितली. ती त्यांनी आपल्या भाषेत कधी कुणाला सांगितली नसावी, कारण राहेलआईनं मधेच मला विचारलं, काय म्हणतायत हे, आणि मी सांगितल्यावर ती म्हणाली, हे मला कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, कुपांगला दिवसभर काय करता. मी इंग्रजीत सांगायला लागले. दोन वाक्यांत माझी गाडी अडली. सव्वीस वर्षं मी ही भाषा शिकवली होती, तपासली होती, तिच्यात धीर दिला होता. स्वतःबद्दल कुणाला काही तिच्यात सांगितलं नव्हतं. शब्द माहीत होते आणि वापरून गुळगुळीत झालेला एकही नव्हता. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचं सांगितलं. भाजीवाल्याचं सांगितलं. दुपारी तीन वाजता घर कसं होतं ते सांगायला गेले आणि मधेच आवाज खाली गेला.

ओबेदनी दोर बाजूला ठेवला. "कळलं नाही," ते म्हणाले.

मी परत सांगितलं, जरा सावकाश.